घाम, हाडं आणि एक इंजेक्शन

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी इंजेक्शन घेणारा सत्तरीतला माणूस जेवता जेवता एकदम लालबुंद होतो. छातीतून उष्णता मानेवर, मग चेहऱ्यावर चढते, बनियन भिजतं आणि थोड्याच वेळात तोच माणूस ‘पंखा बंद करा’ म्हणून कुडकुडतो. घरातल्या बाईला हे ओळखीचं वाटतं. पाळी जाताना तिनं हेच सोसलेलं असतं. तिचा अंदाज अचूक आहे, फक्त नवऱ्याला ते मान्य करणं जड जातं.

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेकदा टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. हा रसद-मार्ग तोडला तर गाठ आक्रसते, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं आणि 1966 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तेव्हा उपाय होता वृषणं काढून टाकण्याचा. ते एकदाच करायचं आणि स्वस्त असल्यामुळे आपल्याकडे आजही अनेक जण हाच मार्ग पत्करतात. बाकीच्यांना महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिनसारखं इंजेक्शन मिळतं.

या इंजेक्शनचं काम गमतीशीर आहे. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सतत इतकं डिवचतं की शेवटी ती दाद देणंच सोडते, आणि वृषणांना जाणारा हुकूम थांबतो. मात्र पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन कमी होण्याऐवजी वाढतं. म्हणून सुरुवातीला त्याचा परिणाम अडवणारी बायकाल्युटामाइडसारखी गोळी दिली जाते. कॅन्सर मणक्यात पोचला असेल, तर ही खबरदारी फारच महत्त्वाची.

आता तो घाम. पुरुषाच्या शरीरात थोडं इस्ट्रोजेन असतं आणि ते बहुतांशी टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं. कच्चा मालच संपला की तेही संपतं. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र मग बारीकशा बदलानंही बिथरतं. पुरुषाची हाडं मजबूत ठेवण्यात याच इस्ट्रोजेनचा मोठा वाटा असतो, हे तर फार कमी जणांना ठाऊक असतं. ते आटलं की हाडं आतून पोकळ होत जातात. घाम निदान दिसतो. हाडांचं मात्र न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडेपर्यंत कळत नाही.

माझ्या मते खरी हेळसांड इथेच होते. कॅन्सरचा अंदाज देणारा रक्तातला पीएसए खाली आला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचं नावही निघत नाही. ही तपासणी वेदनारहित असते, काही मिनिटांत होते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, गरज पडली तर झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन, असे उपाय आहेत. मात्र झोलेड्रोनिक ॲसिड घेण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन किडलेले दात निस्तरून घ्यावेत, कारण नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

टेस्टोस्टेरॉन घटल्यानं स्नायूही झडतात, पोट सुटतं, साखर वाढते, अंगात त्राण उरत नाही. विश्रांतीनं हा थकवा जात नाही, उलट वाढतो. चालण्याला वजनं उचलण्याची, रबरी पट्टे ओढण्याची जोड दिली तर फरक पडतो. हाडांत कॅन्सर पसरला असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. घामासाठीही गोळ्या मिळतात. कामेच्छा मात्र मुळातूनच आटते. तिथे वियाग्रासारखी गोळी इच्छा परत आणत नाही. नवऱ्यानं तोंड फिरवलं म्हणजे प्रेम आटलं, असा बायकोचा समज होण्याआधी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून हे सांगायला हवं.

त्रास होतो म्हणून इंजेक्शन परस्पर चुकवू नका, आणि त्रास अंगावरही काढू नका. शेकासोबत (रेडिएशनसोबत) दिलेले हे हार्मोनचे उपचार काहींना सहा महिने, काहींना दोन-तीन वर्षं लागतात. कॅन्सर पसरलेला असेल तर बहुधा कायमचे. पुढच्या तारखेला जाताना ‘हे किती काळ चालणार?’ आणि ‘माझी डेक्सा कधी करायची?’ हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि सोबत बायकोलाही न्या.