तास वाढले की टन वाढतात?

दसरा-दिवाळी आटोपली की परतूर, मंठा, घनसावंगीकडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, हिशेब टनावर. त्यामुळे सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज हाच, की जितकं जास्त राबाल तितकी उचल लवकर फिटेल.

सुरुवातीच्या काही तासांपुरतं ते खरं आहे. पुढे गणित फिरतं. अंधारातच तोडणी सुरू, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ कुठल्याच टनात धरला जात नाही, झोप मात्र तो खातो. दुसऱ्या दिवशी वाकून जमिनीलगत तोडायला पाठ साथ देत नाही. ऊस वरून तुटला तर सर्वाधिक साखरेचं बुड रानातच राहतं, म्हणजे शेतकरी आणि कारखाना दोघंही बुडाले.

हे उसापुरतंच नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेंकावेल यांनी २०१४ मध्ये तपासल्या. कामगार बहुतेक बायका, मजुरी बऱ्याचदा नगावर. आठवड्याला साधारण ५० तासांनंतर दर तासाचं काम घसरलं; ७० तास राबूनही माल ५६ तासांपेक्षा जेमतेमच जास्त निघाला. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचा आठवड्याला ७० तासांचा आणि एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचा ९० तासांचा सल्ला ऐकताना हे आठवावं. ते दोघं ऊसतोडीबद्दल बोलत नव्हते, हेही खरं.

‘विश्रांती हे परदेशी फॅड’ असंही म्हणतात. पण इथल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने.

‘सरकारनेच आता बारा तास केले’ हे अर्धसत्य. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली, पण आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून. त्यापुढच्या तासांना दुप्पट मजुरी.

हे सगळे नियम कारखान्याच्या फाटकाच्या आत. फडातल्या टोळीचे तास कुठल्याच हजेरीपटावर नसतात; खाडा तेवढा मुकादमाच्या वहीत चढतो. माझ्या मते पहिली सुधारणा फार खर्चाची नाही: गाडी किती वाजता येणार, हे टोळीला आदल्या दिवशी कळवावं आणि भरणी दिवसाउजेडी व्हावी.