डाऊन सिंड्रोमच्या बाळाचे रक्त तपासा

डाऊन सिंड्रोमच्या बाळाच्या पेशींत 21 क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. अशा काही बाळांच्या रक्तपेशींत, पोटात असतानाच, ‘गाटा-वन’ या जनुकात आणखी एक बिघाड होतो. जन्मतः रक्तात कच्च्या पेशी दिसतात. बहुतेकांत त्या तीनेक महिन्यांत आपोआप जातात. पण अशा साधारण पाचांतल्या एकात उरलेल्या पेशींत नवे बिघाड साचून चार वर्षांच्या आत रक्ताचा कर्करोग होतो. आईने ग्रहण पाळले नाही, असले काही कारण नसते.

मुरगूडला बाळंतपण झाले तरी पहिल्या आठवड्यातच बाळाची सीबीसी करा. कच्च्या पेशी आढळल्या, तर पुढे दर तीन महिन्यांनी. बाळ फिकट पडले, अंगावर काळेनिळे डाग उठले, तर कोल्हापूरच्या सीपीआरला दाखवा. हा कर्करोग कमी डोसच्या औषधांनाही चांगली दाद देतो. बहुतेक मुले बरी होतात.