आडनावातला दुभाषी

आमच्या वाशीम जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा आणि दुसरा आडनावाचा. 'कोन गावचे?' आणि मग 'कोनाचे?' आडनाव कळले की विचारणाऱ्याचे समाधान होते. माणूस कोण, कुठला, कोणती भाषा बोलणारा, हे सगळे त्याने मनातल्या मनात ठरवून टाकलेले असते. आडनावे मात्र इतकी सरळ नसतात.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होते. निवेदकांनी माझी ओळख करून देताना सांगितले, "हे मुसलमान असूनही मराठीत लिहितात." त्यांनी ते कौतुकाने म्हटले होते आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्या 'असूनही'ची मला सवय झालेली आहे. गंमत एवढीच, की निवेदकांचे स्वतःचे आडनाव 'नीस' या अक्षरांनी संपत होते. त्या 'नीस'बद्दल आणि विशेषतः 'पारसनीस' या क्वचित आढळणाऱ्या आडनावाबद्दल आज थोडे बोलावेसे वाटते.

फारसीत 'नविश्तन' म्हणजे लिहिणे आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठी माणसाच्या तोंडी 'नवीस'चा 'नीस' झाला. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. कारखान्यांचा हिशेब लिहिणारा तो कारखानीस. घडलेल्या गोष्टींची, म्हणजे 'वाक्या'ची नोंद ठेवणारा तो वाकनीस. जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस, तर खजिन्याच्या पोत्याचा पोतनीस. फडणीस मुळात 'फर्द' म्हणजे कागदाचा बंद लिहिणारा, की मराठी 'फडा'वर बसणारा, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. पण 'नीस' फारसी, यावर दुमत नाही. आणि पारसनीस? तो पारसी लिहिणारा. इथे पारसी म्हणजे पारशी समाज नव्हे, तर फारसी भाषा.

मराठ्यांच्या दरबारात असा माणूस कशाला लागे? त्या काळी दिल्ली, विजापूर, हैदराबाद या सगळ्या दरबारांचा पत्रव्यवहार फारसीत चाले. इंग्रजांची कंपनीसुद्धा हिंदी राजांना फारसीतच पत्रे पाठवी. आलेले पत्र वाचून धन्याला त्याचा मराठीत अर्थ सांगायचा आणि धन्याचे उत्तर परत फारसीत बसवायचे, हे पारसनिसाचे काम. ते वाटते तितके सोपे नव्हते. कोणाला कोणता किताब लावायचा, मायन्यात किती आदर दाखवायचा, याचे नियम काटेकोर होते. एखादा शब्द कमी पडला तर समोरचा दुखावणार आणि जास्त पडला तर आपला धनी लहान ठरणार. तलवारीचे काम पत्राने भागवायचे, तर ते पत्र लिहिणारा हात पक्का हवा.

त्याच्यासमोरची बैठक पाहा. कागद, कलम, दौत, शाई, दप्तर, मसुदा, मायना, लिफाफा, तारीख, शिक्का, सही! यातला एकेक शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने अरबीतून आपल्याकडे आलेला आहे. आज शाळेत जाणारे पोर हे शब्द मराठी म्हणूनच वापरते, आणि ते बरोबरच आहे. ते आता मराठीच आहेत.

हे आडनाव इतके कमी का, याचे उत्तर जुन्या कारभारातच सापडते. प्रत्येक गावाला एक पाटील आणि एक कुलकर्णी असे. अनेक गावांच्या परगण्याला एक देशमुख आणि एक देशपांडे. म्हणून पाटील गावोगाव भेटतात, देशमुखही आमच्या वऱ्हाडात भरपूर. पण गावच्या चावडीवर फारसी पत्र थोडेच येणार? पारसनीस लागे तो दरबाराला किंवा मोठ्या सरदाराला, आणि तोही एखाददुसरा. जितक्या जागा, तितकी घराणी. आडनावांची विरळ-दाट वस्ती ही अशी जुन्या राज्यकारभाराची हजेरीच आहे.

हुद्दा घराण्यात टिकला की मूळचे आडनाव मागे पडे. नाना फडणवीस मूळचे भानू. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. पुढे इंग्रजी अमलात शाळेचे दाखले, कोर्टाचे कागद आणि जमिनीच्या नोंदी आल्या. आमचे वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. अशा नोंदींमुळे आडनावे पक्की झाली. काम संपले, दरबार संपले, फारसीही गेली, पण आडनाव राहिले.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली, हे आपण शाळेत शिकलो. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबिराचा सुमंत. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोशही करवून घेतला गेला. आपल्या राज्याला आपली भाषा हवी, ही त्यामागची दृष्टी मोठी होती. पण लोकांच्या तोंडचे शब्द एकदम जात नाहीत. आज महाराष्ट्रात सुमंतही सापडतात आणि डबीरही. मराठीने दोघांनाही घरात ठेवून घेतले.

पारसनीस म्हटले की इतिहासाच्या वाचकाला दत्तात्रय बळवंत पारसनीस आठवतात. १८७० ते १९२६ हा त्यांचा काळ. साताऱ्याच्या या गृहस्थाने जुनी पत्रे, चित्रे आणि दप्तरे जमवण्यात आयुष्य घालवले. झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले, 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालवले. त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पूर्वजांनी पत्रे लिहिली आणि वंशजाने पत्रे जपली, असा हा योग!

असे आडनाव फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्रजांत 'लॅटिमर' नावाचे एक आडनाव आहे, तेही फारसे न आढळणारे. त्याचा मूळ अर्थ लॅटिन जाणणारा, आणि त्यावरून दुभाषी. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले तेव्हा राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, प्रजेची इंग्रजी आणि कागदोपत्री लॅटिन. मधे कोणीतरी समजावून सांगणारा लागणारच. त्या लॅटिमरांतला ह्यू लॅटिमर हा बिशप १५५५ मध्ये धर्ममतासाठी ऑक्सफर्ड येथे जाळला गेला. प्रार्थना लोकांना कळेल अशा इंग्रजीत व्हावी, असे म्हणणाऱ्या पंथाचा तो माणूस, आणि आडनाव मात्र लॅटिनवाला! आपल्याकडे कोकण-कर्नाटकाकडे 'दुभाषी' हे आडनाव सरळच आढळते.

आता उलटी बाजूही पाहावी. मराठी कथा लिहिणारे हमीद दलवाई यांच्या आडनावात 'दळ' म्हणजे सैन्य आहे, ते काही अरबस्तानातून आलेले नाही. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० मध्ये पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला तो कोणी? माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी. मराठीत गझल रुजवणारेही तेच. तेव्हा कोणती भाषा कोणाची, याचा निकाल आडनाव वाचून लागत नाही.

आमच्या मंगरूळपीरचेच पाहा ना. मंगरूळ आणि पीर हे दोन शब्द एका नावात इतके मिसळलेले, की एसटीच्या पाटीवर वाचताना कोणाला ते दोन वाटत नाहीत.

त्या कविसंमेलनानंतर चहा घेताना मी निवेदकांकडून निमंत्रणपत्रिका मागून घेतली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचे आडनाव फारसी अक्षरांत लिहिले, मधे एक रेघ ओढून त्याचे दोन तुकडे केले आणि खाली मराठीत अर्थ लिहून दिला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "म्हणजे आमच्या घरातच फारसी आहे म्हणा की! पुढच्या वेळी तुमची ओळख वेगळी करून देतो, सर." त्यांनी ती पत्रिका घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या संमेलनात त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "हे आपले मराठी कवी." टाळ्या या वेळीही तेवढ्याच पडल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)