विघ्नहर्त्याच्या दारी विघ्नांची स्तुती

माघ शुद्ध चतुर्थीस आंजर्ल्याच्या कड्यावर गणेशजन्माचा सोहळा होतो. पंचक्रोशीतील भाविक पायऱ्या चढून उजव्या सोंडेच्या गजाननापुढे हात जोडतात आणि एकच मागणे मागतात : देवा, विघ्ने दूर कर. त्याच देवापुढे कीर्तनास उभे राहून आम्ही हरिदास मात्र नेमके उलट सांगत असतो. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, संकटांवाचून थोरवी नाही, हे आमच्या उत्तररंगातील ठरलेले वाक्य. श्रोत्यांच्याही माना डोलतात. मग विघ्नहर्त्यास साकडे घालावयाचे कशाला, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर बुवांची पंचाईत व्हावी!

या प्रश्नाचे उत्तर पोथीइतकेच गावाच्या अनुभवातही शोधावे लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा किनारा झोडपला. आंजर्ले, हर्णे, मुरूड, केळशी या गावांतील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आजोबाने लावावे आणि नातवाने खावे, अशी ही झाडे. नवे रोप लावले तरी फळाची वाट पाहण्यात वर्षे जातात. अशा घरी जाऊन ‘देव परीक्षा पाहतो, यातूनच माणूस घडतो’ असे सांगणे सोपे असते. पण ते ऐकणाऱ्याच्या अंगणात मुळासकट उपटलेले माड पडलेले असतात. बोलणाऱ्याचे छप्पर शाबूत असेल, तर त्याने निदान त्या दिवशी तरी हे बोलू नये.

संकटाची मागणी करणारी थोर स्त्री आपल्या पुराणांत आहे, हे खरे. भागवताच्या प्रथम स्कंधात, भारतीय युद्धानंतर श्रीकृष्ण द्वारकेस निघाले असता, कुंती त्यांच्याजवळ विपत्तीच मागते. पण ती का मागते, हे सांगावयास आम्ही पुष्कळदा विसरतो. विपत्तीत भगवंताचे दर्शन घडते म्हणून ती मागते; मोठेपण मिळावे म्हणून नव्हे. शिवाय ती हे मागते ते स्वतःच्या मुखाने. आपल्या वाट्याचे दुःख मागून घेणे ही भक्ती; दुसऱ्याच्या वाट्याच्या दुःखाची महती गाणे ही निराळी गोष्ट.

महाभारतातील द्यूतसभेचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या सभेत जन्मावरून हिणवले गेलेले दोन पुरुष उपस्थित होते. विदुर दासीपुत्र म्हणून राज्यास अपात्र ठरलेला; कर्ण सूतपुत्र म्हणून भर रंगमंडपात अपमानित झालेला. शल्य दोघांचेही एकाच जातीचे. द्रौपदीची विटंबना होऊ लागली तेव्हा विदुर तिच्या बाजूने उभा राहिला. आणि दानशूर म्हणून ज्याची कीर्ती, त्या कर्णाच्या तोंडून तिच्याविषयी अत्यंत कठोर शब्द निघाले. दुःखच जर माणसास घडवीत असते, तर या दोघांत एवढे अंतर का पडावे? टाकीचा घाव मूर्ती घडवितो, पण तो मूर्तिकाराच्या हातातला. आंधळ्या घावाने दगड नुसता फुटतो, आणि फुटलेल्या दगडांची गणती कोणी ठेवीत नाही.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. जोग नदीची खाडी ओलांडून हर्णे मागे टाकले की मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण त्या गावात गेले. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा सवंगड्यांसह पावसाळ्याच्या दिवसांत, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत सातारा येथे गेला. तेथे त्याचे वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तसाच तो परत फिरला. पुढे कोल्हापुरास जाऊन तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. ही कथा आपण मुलांना हौसेने सांगतो आणि सांगता सांगता त्या पायपिटीसच गुरुपद देऊन टाकतो. पण दारातून परत फिरलेली मुले त्या काळी काय थोडी होती? कर्व्यांच्या पाठीशी मुरूडचे सोमण गुरुजी होते. गावच्या दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याची सवय त्यांनी या मुलास लावली. घाटाइतकाच, किंबहुना अधिकच, त्या गुरूचा वाटा मानावयास हवा.

अण्णासाहेबांच्या आयुष्यातील अधिक कठीण घाट पुढेच होता. पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि त्याच मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. हे विघ्न समुद्राने आणले नव्हते की दैवाने. देवपूजा करून सभेस बसलेल्या, तुमच्या-आमच्यासारख्या धर्मनिष्ठ माणसांनीच ते आणले होते. विधवेच्या कष्टांना तपश्चर्या म्हणणारेही आपल्याच घरांत होते. केशवपन, एकवेळचे जेवण, माजघरातला अंधार : यांनी किती जणींना थोरवी आली, याचा हिशेब त्या माजघरांनाच ठाऊक.

कर्व्यांनी त्या कष्टांची स्तुती केली नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला; तो पुढे हिंगण्यास गेला. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९५८ मध्ये, वयाची शंभरी गाठताना, त्यांना भारतरत्न मिळाले. या यादीत मला सर्वांत हृद्य वाटते ती गोष्ट मात्र १९३६ सालची, आणि ती फारशी सांगितली जात नाही. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे ती निघावी म्हणून त्यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले आणि त्याच्या वर्गणीसाठी ते स्वतः पायी हिंडत राहिले.