पोटावरील मलमार्ग आणि भोंवतालची कातडी

शनिवार पेठेंतील आमच्या घरीं वडील बंधूंच्या आंतड्यावर शस्त्रक्रिया होऊन मलमार्ग पोटावर काढण्यांत आला. त्यास डॉक्टर ‘स्टोमा’ म्हणतात. महिन्याभरानें भोंवतालची कातडी लाल होऊन आग होऊं लागली. माझ्याच सल्ल्यानें तीस खोबरेल लावलें. तेलावर पिशवीची चकती चिकटेना, गळती वाढली, आणि अण्णा पंक्तीस येईनासे झाले.

दोष कातडीचा नव्हता. शस्त्रक्रियेनंतर ६ ते ८ आठवडे स्टोमा आकसत जातो. आम्ही मात्र चकतीचें भोंक पहिल्याच मापानें कापीत होतों. उघड्या कातडीवर मल पडे. परिचारिकेनें नवें माप घेऊन भोंवतीं २-३ मिलिमीटरच मोकळीक ठेवण्यास शिकविलें. कातडी कोमट पाण्यानें धुवावी, टिपून कोरडी करावी. गळती दिसतांच चकती बदलावी. ओलसर जागीं स्टोमाची भुकटी भुरभुरून जास्तीची झटकावी. १९५० च्या दशकांत अमेरिकेंत डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनीं याच कामीं जो डिंक योजिला, तो आपल्या रानांतहि वाढणाऱ्या कांडोळ वृक्षाचा! फोड आल्यास वा आराम न पडल्यास मात्र डॉक्टरांस दाखवावें.

पंधरा दिवसांत कातडी निवळली. अण्णा पुन्हा पंक्तीस बसूं लागले. घरच्यांनीं संकोच न करितां पहिल्याच दिवशीं विचारिलें असतें, तर त्यांचा महिना वांचला असता.