गुळवेल आणि शरीराची प्रतिकारशक्ति

जिनसेंगच्या मुळीची कीर्ति मोठी. परंतु ती कोरिया व ईशान्य चीनमधील थंड अरण्यांतील वनस्पति. खारघरच्या दमट हवेंत ती व्हावयाची नाहीं. तिच्या जागीं आपल्याकडे गुळवेलीचें नांव घेतात. ती कोंकणांत कुंपणावर आपोआप चढते.

दोहोंतील द्रव्यें रक्तांतील श्वेतपेशींवर परिणाम करून दाह शमवितात व प्रतिकारशक्ति चाळवितात, असें प्रयोगशाळेंत आढळलें आहे. मनुष्यावरील पुरावा तोकडा आहे. शिवाय चाळविलेली शक्ति स्वतःच्याच शरीरावर उलटूं शकते, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. करोनाच्या सांथींत घरोघर गुळवेलीचा काढा झाला. तो घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. वेल ओळखण्यांतच चूक झाली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयानें घेतला.

आक्षेप खरा धरला तरी वेल तोडून देणाऱ्याची जबाबदारी वाढतेच. खऱ्या गुळवेलीचें पान हृदयाकृति व गुळगुळीत असतें. तिच्या एका बहिणीच्या पानाखालीं लव असते, दुसरीच्या खोडावर ठळक फोड असतात. आमवात, यकृतविकार किंवा मधुमेहाचें औषध चालू असणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून काढा घेऊं नये. डोळे पिवळे दिसतांच तो बंद करून दवाखाना गांठावा.