‘तिथे तरी जात नाही ना?’
श्रीलंकेच्या किनाऱ्यावर दोघांची भटकंती

आमच्या विहारात दर रविवारी वंदना झाली की चटईवरच गप्पांची बैठक बसते. आम्ही उभयता श्रीलंकेला निघालो आहोत हे कळले तेव्हा कुणी छोटी बुद्धमूर्ती आणायला सांगितली, तर कुणी दालचिनी. बारावीत शिकणाऱ्या एका मुलाने मात्र वेगळेच विचारले, “काका, तो बौद्धांचा देश आहे. तिथे तरी जात नाही ना?” मी म्हणालो, “बघून येतो आणि सांगतो.” हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उत्तर आहे.

मी कारकून. पत्नी घरी शिलाई मशीन चालवते. प्रवास कंपनीची सहल आम्हाला परवडणारी नव्हती. चार वर्षे पतपेढीत दरमहा थोडे थोडे टाकले, त्यातून विमानाची तिकिटे निघाली. बाकी सारे आपल्या हिंमतीवर. पाठीवर एकेक बॅग, वजन प्रत्येकी सात किलो. त्यात दोन-तीन कपडे, विहारात जायला पांढरी साडी आणि पांढरा सदरा, औषधे आणि घरचा चिवडा. विमानतळावर बॅग खांद्याला लावताना पत्नी म्हणाली, “लग्नाला एकवीस वर्षे झाली. आज पहिल्यांदा मी फक्त माझेच ओझे उचलते आहे.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

या बेटावर आपल्या आधी एक जोडपे येऊन गेले आहे. मे १९५० मध्ये परमपूज्य बाबासाहेब माईसाहेबांसह इथे आले होते. कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली होती. बाबासाहेब तिथे निरीक्षक म्हणून बसले. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्षात कसा आचरला जातो हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. त्याच दौऱ्यात कोलंबोच्या टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. म्हणजे बौद्ध बहुसंख्य असलेल्या बेटावरही अस्पृश्य होतेच. बाबासाहेब पाहायला गेले तेव्हा डोळे मिटून गेले नव्हते. आम्हीही तसेच जायचे ठरवले.

पौर्णिमेचा दिवस

आम्ही जानेवारीत गेलो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासाठी डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. मेपासून पाऊस सुरू होतो. तिथे प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसाला ‘पोया’ म्हणतात. दारू आणि मांसविक्री बंद असते. पोयाच्या दिवशी आम्ही कोलंबोजवळच्या केलनिया विहारात गेलो. नखशिखांत पांढऱ्या वस्त्रांतली हजारो माणसे, हातात कमळाची फुले. म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून पत्नीने त्रिसरण-पंचशील म्हटले. त्यांची भाषा सिंहली, हिची मराठी. पण पाली दोघींची एकच. शेजारच्या आजींनी हिचा हात धरून काहीतरी विचारले. ‘इंडिया’ एवढा एकच शब्द कळला. हिने मान डोलावली, तशी आजींनी आपल्या हातातले एक कमळ हिच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी कोलंबो फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेची गाडी धरली. तिसऱ्या वर्गाचे तिकीट अगदी स्वस्त. गर्दी मात्र आपल्या विरार लोकलची आठवण करून देणारी. फरक इतकाच की रूळ समुद्राला खेटून धावतात आणि लाटांचे तुषार खिडकीतून तोंडावर येतात. अंबलनगोडाला उतरलो आणि तिथून बसने बालपिटियाला गेलो.

दालचिनीची नदी

बालपिटिया हे किनाऱ्यावरचे लहानसे गाव. मादू गंगा इथे समुद्राला मिळते. मुखाजवळ ती तळ्यासारखी पसरते आणि त्यात खारफुटीने वेढलेली लहान लहान बेटे आहेत. एका बेटावर, कोथदुव येथे, बौद्ध विहार आहे. नाव करून आम्ही तिथे गेलो. दुसऱ्या एका बेटावर एक कुटुंब दालचिनी सोलून दाखवते. आधी फांदीवरची खरबरीत साल खरवडायची, मग पितळी दांड्याने फांदी घासायची, म्हणजे आतली साल सुटते. ती चाकूने अलगद उतरवून एकात एक घालून वाळवायची. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या दालचिनीमागे एवढे कष्ट असतात.

हे काम परंपरेने सालागम जातीचे. पोर्तुगीज आणि नंतर डच अमलात ठरलेल्या वजनाची दालचिनी देणे त्यांच्यावर सक्तीचे होते. साहेबांचा व्यापार त्यांच्या हातांवर चालला, मान मात्र मिळाला नाही. धम्मातही मिळाला नाही. अठराव्या शतकात श्रीलंकेतील उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. कँडीच्या राजाने सयाममधून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, भदंत उपाली यांना बोलावले आणि १७५३ साली भिक्खूसंघ पुन्हा उभा राहिला. पण थोड्याच वर्षांत नियम झाला, की उपसंपदा फक्त गोयिगम या शेतकरी, वरच्या मानलेल्या जातीलाच मिळेल. दालचिनी सोलणारे सालागम, मासे धरणारे कराव, माडी काढणारे दुराव यांना दार बंद.

किनाऱ्यावरच्या माणसांनी काय करावे? ते रडत बसले नाहीत. बालपिटियाजवळच्या वेलीतरा गावचे ज्ञानविमल १७९९ साली पाच श्रामणेरांना घेऊन समुद्रमार्गे ब्रह्मदेशाला निघाले. तिथल्या अमरपुर राजधानीत त्यांना १८०० साली उपसंपदा मिळाली. १८०३ साली ते ब्रह्मी भिक्खूंसह परतले आणि याच मादू गंगेच्या पाण्यावर त्यांनी उपसंपदेचा विधी केला. विनयानुसार पाण्यातही सीमा आखता येते. जमिनीवर जागा नाकारलेल्यांनी पाण्यावर जागा केली! तोच अमरपुर निकाय. आज तो श्रीलंकेतील एक मोठा भिक्खूसंघ आहे.

नाव त्या पाण्यावरून चालली होती आणि मला महाडचे तळे आठवत होते. कुठे १८०३, कुठे १९२७. पण पाण्यावर हक्क सांगणारी माणसे एकाच जातकुळीची वाटली, आणि ती जातकुळी जन्माने मिळत नाही.

शिळे वर्तमानपत्र

आम्ही एका साध्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये राहिलो. मालकीणबाईंना पत्नी ‘अक्का’ म्हणाली आणि त्या खळखळून हसल्या. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. सकाळी भात, खोबऱ्याची लाल चटणी आणि मासळीचे कालवण. ओसरीवर रविवारचे शिळे इंग्रजी वर्तमानपत्र पडले होते. पाने चाळता चाळता वधू-वर जाहिराती दिसल्या. ‘गोवी बुद्धिस्ट’ आईवडिलांना मुलीसाठी तसेच स्थळ हवे होते. गोवी म्हणजे तीच गोयिगम जात. खाली दुसऱ्या जाहिरातीत ‘कराव बुद्धिस्ट’.

मी वाचून दाखवले. मला वाटले पत्नी म्हणेल, काय हे बौद्ध! ती शांतपणे म्हणाली, “आपल्या मेळाव्याचा अर्ज कुणी टाइप केला होता?”

मीच केला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या बौद्ध वधू-वर मेळाव्याचा अर्ज मी तयार केला, तेव्हा त्यात ‘पूर्वीची जात/पोटजात’ असा रकाना ठेवला. “लोक विचारतातच, मग आधीच लिहिलेले बरे,” असे मी बैठकीत म्हणालो होतो. परक्या देशाच्या ओसरीवर बसून मला माझेच अक्षर दिसले.

तळ्यातले बेट

तिथून हिक्कडुवाकडे जाताना पेरालिया लागते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे भरलेली आगगाडी लाटांखाली सापडली आणि दीड हजारावर माणसे गेली. आज तिथे उभी बुद्धमूर्ती समुद्राकडे पाहते. लाटेने कुणाची जात विचारली नाही. आम्ही हात जोडून पुढे निघालो.

हिक्कडुवाच्या पुढे दोडंदुव. तिथल्या रतगम तळ्यातल्या एका बेटावर १९११ साली न्यानतिलोक या जर्मन भिक्खूंनी आश्रम स्थापला. रोडिया ही सिंहली समाजातली बहिष्कृत जात. भीक मागून जगणे हेच तिच्या नशिबी लिहिलेले. न्यानतिलोक त्यांच्या वस्तीत गेले आणि त्यांच्यातल्या काहींना त्यांनी बेटावर ठेवून शिकवले. जाती एकत्र केल्या म्हणून त्यांना बोलही ऐकावे लागले. त्यातलाच एक रोडिया मुलगा पुढे भदंत न्यानलोक झाला आणि न्यानतिलोकांच्या १९५७ मधील निधनानंतर त्या आश्रमाचा प्रमुख बनला.

भिक्खूंच्या एकांतात व्यत्यय नको म्हणून आम्ही काठावरूनच ते हिरवे बेट पाहिले. पत्नी बराच वेळ उभी होती. “त्या मुलाच्या आईला हे कळले असेल का हो?” तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

शेवटचे दोन दिवस गॉलच्या जुन्या किल्ल्यात काढले. तटावर संध्याकाळी गावची कुटुंबे फिरायला येतात. आम्हीही शेंगदाणे खात बसलो. बॅगा आता जड वाटत नव्हत्या.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

निघण्यापूर्वी व्हिसाचे चालू नियम पाहून घ्यावेत. आपल्या एका रुपयात तिथले तीनांपेक्षा जास्त रुपये येतात. रेल्वे, बस आणि खानावळीतला भात यांवर राहिले तर खर्च आटोक्यात राहतो. विमान सोडून आठ दिवसांत दोघांना मिळून तीस हजारांच्या आसपास लागले. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत, चपला बाहेर काढाव्यात आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथे तो अपमान समजतात.

त्या मुलाला उत्तर

परतल्यावर रविवारी विहारात तो मुलगा समोरच बसला होता. मी सांगितले, “बाळ, तिथेही जात आहे. संघातसुद्धा शिरली. अमरपुर निकायातही पुढे जातीजातींचे गट पडले. पण तिला नाकारणारी माणसेही तिथलीच, त्याच धम्मातली. धम्म स्वीकारला की जात आपोआप गळून पडत नाही, ती रोज काढून टाकावी लागते. बाबासाहेबांनी १९५६ साली नुसती दीक्षा दिली नाही, बावीस प्रतिज्ञाही दिल्या, त्या यासाठीच.”

मग मी पिशवीतून मेळाव्याचा नवा अर्ज काढला. त्यात तो रकाना नव्हता. दोन-तीन वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकाने विचारलेही, “उद्या तुमच्या मुलीचे स्थळ पाहताना विचारणार नाही का?”

मी उत्तर देण्याआधीच महिलांच्या बाजूने पत्नीचा आवाज आला, “नाही विचारणार.”

अर्ज छापायला गेला आहे. मेळाव्याला अवश्य या.

जयभीम!